जुनी मालिका, नवी वर्गणी: पानावर न दिसणारे आकडे

जुन्या गेमची मालिका पुन्हा काढायला लोकांकडे वर्गणी मागणारा व्हिडिओ बहुतेक एकाच साच्यातला असतो. पिकलेल्या दाढीचा डिझायनर, मागे कपाटात जुन्या गेमचे खोके, थोड्या आठवणी, चाहत्यांचे आभार आणि शेवटी एक आकडा: तीस दिवसांत इतके लाख डॉलर. म्हापशात किंवा फोंड्यात बसून तो पाहणाऱ्या, शाळेत असताना तोच गेम खेळलेल्या माणसाचा हात कार्डाकडे जातोच. जाऊ द्या, पण आधी तो आकडा नीट वाचा. मागितलेली रक्कम, जमलेली रक्कम आणि गेम पूर्ण करायला लागणारी रक्कम हे तीन वेगवेगळे आकडे असतात, आणि मोहिमेच्या पानावर त्यातले दोनच दिसतात. मालिका पुन्हा उभी राहणार की रखडणार, हे बहुतेक वेळा त्या तिसऱ्या आकड्यावर आणि पान उघडण्याआधी झालेल्या (किंवा न झालेल्या) कागदपत्रांवर ठरतं.

लोकवर्गणी गोळा करून देणारं किकस्टार्टर हे संकेतस्थळ 2009 मध्ये सुरू झालं, पण गेमच्या जगाने ते मनावर घेतलं फेब्रुवारी 2012 पासून. टिम शेफरच्या डबल फाइन स्टुडिओने एका पॉइंट-अँड-क्लिक (माउसने चित्रावर क्लिक करत खेळायच्या) गेमसाठी 4 लाख डॉलर मागितले. त्यातले 3 लाख गेमला आणि 1 लाख त्यावरच्या माहितीपटाला. जमले 33 लाखांच्या वर, 87 हजारांहून जास्त लोकांकडून. पुढच्याच महिन्यात ब्रायन फार्गोने 1988 च्या 'वेस्टलँड'चा दुसरा भाग करतो म्हणून 9 लाख मागितले आणि 29 लाख मिळवले. मग रांगच लागली: जॉर्डन वाइजमनचं 'शॅडोरन', चार्ल्स सेसिलचं 'ब्रोकन सोर्ड', डेव्हिड ब्रेबनचं 'एलिट'.

आता डबल फाइनचं पुढे काय झालं ते पाहा. मागितल्याच्या आठपट पैसा आला आणि तरी तो पुरला नाही. 'ब्रोकन एज' नावाने आलेला तो गेम दोन भागांत तोडावा लागला. पहिला भाग जानेवारी 2014 मध्ये विकायला काढला, त्या विक्रीच्या आधारावर दुसरा एप्रिल 2015 मध्ये आला. 'ब्रोकन सोर्ड'चा पाचवा गेमही असाच डिसेंबर 2013 आणि एप्रिल 2014 असा दोन हप्त्यांत निघाला. यात लबाडी काही नाही. पैसा आठपट झाला की डिझायनर आठपट मोठा गेम डोक्यात आखतो, माणसं वाढवतो, आणि माणसांचा पगार दर महिन्याला जातो. 3 लाखांचा गेम 33 लाखांत निवांत बनवू असं कोणी म्हणत नाही, आणि तसं कोणी म्हटलं तर बॅकरच (वर्गणी देणारेच) ओरडतील.

नाव कोणाच्या मालकीचं

मालिका लोकांच्या मनात डिझायनरची असते, कागदावर बहुधा कंपनीची. फार्गोने 'वेस्टलँड'चा ट्रेडमार्क कोनामीकडून 2003 मध्येच मिळवला होता, मोहिमेच्या नऊ वर्षं आधी; म्हणून त्याला ते नाव लावता आलं. यू सुझुकीला 'शेनम्यू 3'साठी सेगाचा परवाना घ्यावा लागला. ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी नवं नाव घेतलं: कोजी इगाराशीचं 'ब्लडस्टेन्ड', केजी इनाफुनेचं 'मायटी नंबर 9', योशिताका मुरायामाचं 'आयुडेन क्रॉनिकल'. खेळ ओळखीचा, पात्रं नवी. आमच्या मते साठ टक्के वेळा हाच रस्ता शहाणपणाचा असतो, कारण परवान्यासोबत मालकाची संमतीही विकत घ्यावी लागते.

सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे नाव एकाकडे आणि आतला मजकूर दुसऱ्याकडे. 'स्टार कंट्रोल'चं तेच झालं. नाव 2013 मध्ये अटारीच्या दिवाळखोरीच्या लिलावात स्टारडॉकने घेतलं, पहिल्या दोन गेममधली निर्मिती पॉल राइश आणि फ्रेड फोर्ड या मूळ जोडीकडे राहिली. त्यावरून खटला झाला, 2019 मध्ये तडजोड झाली, आणि जोडीने 2024 मध्ये लोकांकडे पैसे मागितले ते 'फ्री स्टार्स' या नावाने.

समजा, दोन हजारच्या दशकात मुंबईच्या कंपनीसाठी स्मार्टफोनच्या आधीच्या जावा फोनवरचे तीन लोकप्रिय गेम केलेला डिझायनर आता फोंड्यात राहतो आणि त्याला चौथा भाग संगणकावर आणायचा आहे. त्याच्यासाठी पहिलं काम जुनी फाइल शोधणं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणजे पगारावर होता तर परवाना मागायलाच हवा. पण तो बाहेरून काम करत असेल आणि हक्क लिहून दिले असतील, तर कलम 19 पाहावं: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. त्या काळातले बरेच करार दीड पानाचे असत, त्यामुळे हे वकिलाला दाखवण्यात पैसे वाया जात नाहीत.

ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करावं लागतं. नोंदलेलं नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरात नसेल तर ते काढून टाकण्याचा अर्ज ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 47 खाली करता येतो. नवं नाव नोंदवायचं तर वर्ग 9 (सॉफ्टवेअर) आणि वर्ग 41 (मनोरंजन) असे दोन अर्ज धरा. ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे येतं. परवाना घेणार असाल तर चार कलमं डोळ्यात तेल घालून वाचा: उत्पन्नातला वाटा, किमान हमी रक्कम, कोणत्या टप्प्यांवर मालकाची मंजुरी लागते, आणि परवाना कधी संपतो. मंजुरीला प्रत्येक वेळी दोन आठवडे धरले नाहीत तर वेळापत्रक पहिल्याच तिमाहीत घसरतं. आणि परवाना गेम आल्यावर दोन वर्षांत संपत असेल तर गेम दुकानातून उतरवावा लागतो, विक्री चालू असली तरी.

परवाना मिळाला म्हणजे जुन्या फाइली मिळाल्या असंही नाही. जावा फोनच्या काळात स्क्रीन 128×128 किंवा 176×208 पिक्सेलचा, आणि नोकियाच्या बऱ्याच साध्या मॉडेलांवर अख्खा गेम 64 केबीत बसवावा लागे. त्यातलं एकही चित्र आजच्या मॉनिटरवर चालत नाही. सगळं नव्याने काढायचं, संगीत नव्याने करायचं. जुन्या मालिकेचा खर्च नव्या गेमपेक्षा कमी येईल ही समजूत इथेच मोडते. वाचतं ते फक्त कथानक आणि खेळाचे नियम ठरवायचं काम.

फोंड्यातल्या गेमचा हिशोब

हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. सहा जणांचा चमू: दोन प्रोग्रॅमर, दोन चित्रकार (अल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टमधून निघालेली मुलं यात चांगली येतात, अ‍ॅनिमेशन मात्र शिकवावं लागतं), एक डिझायनर आणि एक जण निर्मितीचं वेळापत्रक व बॅकरांशी पत्रव्यवहार सांभाळणारा. सरासरी 65 हजार धरले तर महिन्याला 3.9 लाख, वीस महिन्यांचे 78 लाख. संगीत आणि आवाज 5 लाख. 25 हजार शब्दांचा मजकूर, चार भाषा, शब्दाला 8 रुपये म्हणजे 8 लाख. बाहेरची चाचणी 4 लाख. जागा, संगणक, सॉफ्टवेअर, इन्व्हर्टर आणि दुसरी इंटरनेट जोडणी 9 लाख. सीए, वकील, नोंदण्या 3 लाख. ट्रेलर आणि प्रसिद्धी 8 लाख. बेरीज 115 लाख. त्यावर वीस टक्के अडीअडचणीचे, म्हणजे 23 लाख. एकूण 1 कोटी 38 लाख.

ते वीस टक्के बहुतेक जण कापतात, कारण पानावर आकडा मोठा दिसतो. कापू नका. शेवटच्या चार महिन्यांत गेम जवळजवळ झालेला असतो आणि चुका दुरुस्त करायलाच सगळा वेळ जातो. पगार मात्र तितकाच चालू राहतो. अडकलेल्या बहुतेक मोहिमा याच ठिकाणी अडकतात.

आता समजा मोहीम जोरात झाली आणि 1 कोटी जमले. प्लॅटफॉर्मचे 5 टक्के गेले, 5 लाख. कार्ड हाताळणीचे साधारण साडेतीन लाख (किकस्टार्टरवर अमेरिकेत हा दर 3 टक्के अधिक प्रत्येक व्यवहाराला 20 सेंट आहे, त्यामुळे छोट्या रकमा जास्त कापल्या जातात). मोहीम संपल्यावर कार्ड न चालल्यामुळे बुडणारे 2 लाख धरा. टी-शर्ट, कलापुस्तक, छापील खोके आणि टपाल मिळून 13 लाख. भारतातल्या बॅकरांनी 25 लाख दिले असतील तर त्यात 18 टक्के जीएसटी अंतर्भूत धरून 3.8 लाख सरकारचे. हातात उरले सुमारे 72 ते 73 लाख. म्हणजे 'कोटींचा टप्पा पार' अशी बातमी छापून येते त्या दिवशी गेमला अजून 65 लाख कमी असतात.

हे 65 लाख कुठून येणार, याचं उत्तर पानावर असेल तर ते पान प्रामाणिक. इगाराशीने 2015 मध्ये 'ब्लडस्टेन्ड'साठी 5 लाख डॉलर मागितले, तेव्हाच सांगितलं होतं की मोठा हिस्सा दुसरीकडून येणार आहे आणि लोकांची मागणी दिसली तरच. जमले 55 लाख. सुझुकीने त्याच वर्षी जूनमध्ये 20 लाख मागितले आणि 63 लाख मिळवले. 'शेनम्यू'च्या पहिल्या दोन भागांचा आवाका पाहिलेल्या कोणालाही कळत होतं की 20 लाखांत तिसरा होणार नाही. रक्कम कमी मागण्यात एक हिशोब असतो: उद्दिष्ट लवकर पूर्ण झालं की बातमी होते आणि बातमीने गर्दी येते. पण बाकी पैशाची सोय नसताना उद्दिष्ट कमी ठेवणं म्हणजे अर्ध्या गेमचे पैसे घेऊन पूर्ण गेमचं वचन देणं. त्यापेक्षा मोहीम फसलेली बरी. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं नाही तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत. 2012 मध्ये ऑलिव्हर बंधूंनी 'डिझी'साठी साडेतीन लाख पौंड मागितले होते, ते जमले नाहीत, आणि कोणाचं काही देणंही राहिलं नाही.

करासाठी तारीख महत्त्वाची. सेवेपोटी आगाऊ रक्कम आली की जीएसटीची जबाबदारी त्याच वेळी उभी राहते, गेम दोन वर्षांनी निघणार असला तरी. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक 20 लाखांची आहे. मोहीम फेब्रुवारीत संपवली आणि पैसे मार्चमध्ये आले तर खर्च पुढच्या वर्षात आणि उत्पन्न या वर्षात दिसू शकतं. सीएला मोहिमेआधी भेटा. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये पैसे हातात येतील असं आखा, म्हणजे खर्चाला पूर्ण आर्थिक वर्ष मिळतं.

गोव्यातून मागायचे तर कुठे

किकस्टार्टर भारतात राहणाऱ्याला मोहीम उभारू देत नाही. पैसे देता येतात, मागता येत नाहीत. मागणाऱ्याला ठरावीक देशांपैकी एकात पत्ता, ओळख आणि बँक खातं लागतं. गोव्यात मग हमखास एक युक्ती निघते: इंग्लंडमधल्या स्विंडनला चुलतभाऊ आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, त्याच्या नावावर करू. करता येतं, पण मग बॅकरांशी झालेला करार चुलतभावाचा होतो. गेम रखडला तर शिव्या आणि नोटिसा त्याला, उत्पन्न त्याच्या कर विवरणपत्रात, आणि वार्षिक उलाढाल 90 हजार पौंडांवर गेली तर यूकेच्या व्हॅटची नोंदणीही त्याचीच. निदान तिथे कंपनी काढा, गोव्यातल्या फर्मशी लेखी करार करा, गोव्याच्या फर्मने दर टप्प्याला बिल पाठवावं. एलयूटी (निर्यातदाराने जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरलेलं असेल तर अशा निर्यातीवर जीएसटी भरावा लागत नाही. बँकेकडून परकी चलन आल्याचा दाखला प्रत्येक वेळी घ्यायचा. गेमचे हक्क कोणत्या कंपनीकडे राहणार तेही त्याच करारात लिहा, नात्यातल्या भरवशावर सोडू नका.

"पैसे द्या, नफ्यात वाटा घ्या" असा निरोप व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा मोह होतो. तो टाळाच. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 42 नुसार खासगी वाटपाचा प्रस्ताव वर्षाला 200 पेक्षा जास्त लोकांपुढे ठेवता येत नाही, तोही नावानिशी आणि ठरलेल्या पद्धतीने. परत देण्याच्या बोलीवर घेतलेली रक्कम ठेव ठरू शकते आणि त्यासाठी 2019 चा वेगळा, कडक कायदा आहे. अमेरिकेत फिग नावाच्या प्लॅटफॉर्मवर बॅकर आणि गुंतवणूकदार एकत्र आणण्याचा प्रयोग झाला, 'सायकोनॉट्स 2'ने तिथे 38 लाख डॉलर उभे केले. तो तिथल्या रोखे कायद्यात बसवलेला होता, इथे तसा मार्ग नाही.

भारतीय पेमेंट गेटवे घेणार असाल तर अर्जात 'गेमिंग' एवढंच लिहून थांबू नका. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे आणि अशा व्यवहारांना हात लावायला बँका घाबरतात. त्यात पत्ता पणजीचा, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मांडवीतली कॅसिनो जहाजं. 'संगणकावरचा एकदाच विकत घ्यायचा व्हिडिओ गेम, पैसे लावून खेळण्याची सोय नाही' असं स्पष्ट लिहा आणि सोबत गेमच्या पानाचा दुवा द्या.

लोकवर्गणी फसली म्हणजे मालिका संपली असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचं 'राजी' 2017 च्या किकस्टार्टर मोहिमेत उद्दिष्टापर्यंत पोचलं नाही; नंतर पब्लिशर मिळाला आणि 2020 मध्ये गेम बाजारात आला. मोहिमेसाठी बनवलेला डेमो पब्लिशरला दाखवायला तसाच वापरता येतो. म्हणून डेमोवर खर्च करा, व्हिडिओवर नको. पंधरा-वीस मिनिटं खेळता येईल असा, अंतिम दर्जाचा एक तुकडा. त्याला चार-सहा महिने लागतात आणि तो खर्च खिशातूनच करावा लागतो.

वचनं

मोहीम जिंकल्यावर जे बिघडतं ते बहुतेक स्ट्रेच गोलमुळे, म्हणजे उद्दिष्टाच्या वर रक्कम गेली तर देऊ म्हणून कबूल केलेल्या जादा गोष्टींमुळे. रक्कम वाढत जाते, लोक विचारतात "पुढे काय?", आणि रात्री दोन वाजता कोणीतरी नवं प्लॅटफॉर्म (गेम ज्यावर चालेल ते यंत्र) लिहून टाकतो. 'मायटी नंबर 9'ने 9 लाख मागून 38 लाख जमवले आणि दहा प्लॅटफॉर्म कबूल केले. पुन्हा पुन्हा पुढे ढकलत तो जून 2016 मध्ये आला. प्रत्येक कन्सोलला वेगळा विकास संच, वेगळी तपासणी, वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि एक चूक दुरुस्त केली की ती सगळीकडे पुन्हा तपासावी लागते. 'ब्लडस्टेन्ड'मध्ये निन्टेंडोच्या वी यू कन्सोलची आवृत्ती सोडून त्यानंतरचं स्विच घ्यावं लागलं, कारण गेम येईपर्यंत वी यूच संपलं होतं. कबूल केलेला रोगलाइक मोड (दर वेळी नवा नकाशा, मेलं की सुरुवातीपासून) सोडून त्याजागी रँडमायझर (वस्तूंच्या जागा दर वेळी बदलणारा) दिला. 'एलिट: डेंजरस'ने गेम बाजारात येण्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर 2014 मध्ये, ऑफलाइन खेळण्याची सोय वगळल्याचं सांगितलं आणि परताव्याच्या मागण्या सुरू झाल्या. 'शेनम्यू 3'च्या बॅकरांना स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाची अपेक्षा होती आणि मिळालं एपिकचं दुकान. स्ट्रेच गोल ठेवायचेच तर असे ठेवा ज्यात प्रोग्रॅमरचं काम वाढत नाही: जास्त संगीत, आणखी एक भाषा, जास्त चाचणी.

जत्रेतल्या नाटकाची वर्गणी गोळा होते तेव्हा नाटकाची तारीख आधीच पालखीच्या दिवसाला बांधलेली असते. गेमच्या मोहिमेत वर्गणी आधी आणि तारीख अंदाजाने. त्यामुळे पानावर लिहिलेल्या तारखेत आम्ही एक वर्ष मिळवूनच वाचतो. 'शेनम्यू 3'ला चार वर्षं लागली, 'ब्लडस्टेन्ड'लाही चार.

वर्गणीच्या बदल्यात द्यायच्या वस्तू (रिवॉर्ड) हा दुसरा खड्डा. कलापुस्तकं मे महिन्यात छापून घेतली आणि जून ते सप्टेंबर खोलीत ठेवली तर गोव्याच्या हवेत पानं फुगतात, कडांना बुरशी येते, पुठ्ठ्याचे खोके बसतात. छपाई ऑक्टोबरनंतर घ्या. ठेवायचीच असतील तर प्लास्टिकच्या हवाबंद पेट्या, सिलिका जेल आणि जमिनीपासून वीतभर वर फळी. अमेरिकेला पाठवायचं टपाल आता महाग आहे: 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली, आणि त्याच सुमारास भारतीय टपाल खात्याची तिकडची सेवा काही आठवडे थांबलीही होती. टपालखर्च मोहिमेत घेऊ नका, वस्तू तयार झाल्यावर त्या वेळच्या दराने वेगळा घ्या. टी-शर्ट तर ठेवूच नका. सहा मापं, दोन कट, आणि दर शंभरात चार-पाच बदलून द्यावे लागतात.

डिजिटल प्रतीतही एक मेख आहे. बॅकरांना स्टीमची की (गेम आपल्या खात्यात घ्यायचा कोड) दिली जाते. की वापरून घेतलेल्या प्रतीवरून लिहिलेली समीक्षा स्टीम 2016 पासून गुणांकनात धरत नाही. म्हणजे तुमचे सगळ्यात जवळचे पाच हजार चाहते पहिल्या आठवड्यात कितीही भरभरून लिहोत, वरचा आकडा बाहेरचे गिऱ्हाईक ठरवतात. म्हणून मोहिमेच्या आधीच स्टीमचं पान उघडा (शुल्क 100 डॉलर, हजार डॉलरची विक्री झाली की परत मिळतं) आणि विशलिस्ट (गेम पुढे घेऊ म्हणून खूण करून ठेवणारे लोक) वाढवत राहा. स्टीमचा वाटा 30 टक्के. अमेरिकेतल्या विक्रीवर भारत-अमेरिका करारानुसार 15 टक्के कर कापला जातो, तोही करविषयक फॉर्म नीट भरला तर. न भरला तर 30. तिसरा आकडा काढताना हे दोन्ही धरा, कारण उरलेले 65 लाख विक्रीतून फेडायचे असतील तर अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे हातात येणारी रक्कम किमतीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते.

मोहीम चालवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीस दिवस पुरेत, साठ नकोत. मंगळवारी, न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला सुरू करा; आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळचे साडेसहा, हिवाळी वेळेत साडेसात. पहिल्या दोन दिवसांत चौथा हिस्सा आला नाही तर काळजी करा. मधले दोन आठवडे मंदीचेच असतात, त्यात घाबरून नवी वचनं द्यायची नाहीत. शेवटच्या 48 तासांत प्रकल्प जतन केलेल्यांना किकस्टार्टर स्वतः आठवण पाठवतं आणि आकडा पुन्हा उसळतो. हे 48 तास चतुर्थीच्या सुट्टीत येणार नाहीत असं पाहा. चमूतला एकही माणूस घरून हलणार नाही. पैसे मोहीम संपल्यावर दोन आठवड्यांनी सुटतात, त्यामुळे त्या महिन्याचे पगार आधीच बाजूला ठेवा.

इथून पैसे देणाऱ्यांसाठी

पानावर आधी हक्कांचं वाक्य शोधा: 'परवान्याने' की 'मालकीचं'. नसेल तर प्रश्न विचारा. मग जुन्या चमूतले आणखी कोण आहेत ते पाहा. डिझायनर प्रसिद्ध असतो, पण जुना गेम ज्याने प्रोग्रॅम केला तो बहुतेक वेळा नसतो. दाखवलेलं चित्रण खेळताना घेतलेलं आहे की नुसतं रंगवलेलं, हे कर्सर, आयुष्याचा पट्टा, क्षणभर अडखळणारी हालचाल यांवरून कळतं. अतिगुळगुळीत चित्रण संशयास्पद.

किमतीचा मुद्दा. 20 डॉलरची मूळ प्रत इथून घेणं बहुतेक वेळा तोट्याचं. गेम स्टीमवर आला की भारतासाठीची किंमत अनेकदा त्याहून बरीच कमी असते. तेव्हा फक्त गेम हवा असेल तर थांबा. गेम व्हावा म्हणून पैसे द्यायचे असतील तर द्या, पण ती खरेदी समजू नका.

कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा. ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डांवर ते बंद ठेवूनच येतात. यूपीआय तिथे चालत नाही. बँक 2 ते 3.5 टक्के परकी चलन शुल्क लावते आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. पैसे वचन देताना कापले जात नाहीत, मोहीम संपल्यावर कापले जातात, तेव्हा तुम्ही समोर नसता. म्हणून ओटीपीवाचून व्यवहार न होऊ देणारी डेबिट कार्डं तिथे अडकतात, क्रेडिट कार्ड बरं. अडकलं तर दुरुस्तीला सात दिवस मिळतात आणि आठवणीचे ईमेल येतात. त्या महिन्यात कार्डाची मुदत संपत असेल तर नवं कार्ड आधीच घालून ठेवा.